हात तंग असताना आर्थिक कोचची फी द्यावी का?

काठावरची

मी प्रयोगशाळेत रात्रपाळीला असते. गेल्या वर्षी नवऱ्याच्या कामाचे तास निम्मे झाले आणि तेव्हापासून महिनाअखेरीची तोंडमिळवणी कार्डावर होत आली. इथे वेगवेगळ्या देशांतली मंडळी आहेत आणि खरे आकडे सांगायला संकोचही वाटतो, म्हणून घरात महिन्याला येणाऱ्या पैशाचे १०० भाग धरते.

भाडं ३१. खाणंपिणं २४. मुलीची शाळा आणि सगळ्यांचं येणंजाणं १४. सासूबाईंची औषधं ६. वीज-फोन ५. वैयक्तिक कर्जाचा हप्ता १३. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम साधारण ५. उरतात २. कार्डावर ९५ भाग थकलेत, म्हणजे जवळजवळ एका महिन्याची सगळी मिळकत. व्याज महिन्याला ३ टक्के. कार्ड वापरणं आता पूर्ण बंद केलंय, तरी आकडा जागचा हलत नाही असं वाटतं.

एका मैत्रिणीने एक आर्थिक कोच सुचवली. तिच्याशी पहिलं बोलणं फुकट होतं आणि ते झाल्यावर मला फार बरं वाटलं. उपदेश न करता कुणीतरी पहिल्यांदाच सगळं ऐकून घेतलं. तिचा कार्यक्रम सहा महिन्यांचा आहे, महिन्याला दोन बैठका, फी महिन्याला ६ भाग, निम्मी आगाऊ. उरतात २ आणि फी ६, हे मलाही दिसतं. पण सोबत कुणी नसेल तर मी अशीच गटांगळ्या खात राहीन अशी भीती वाटते. नवऱ्याशी पैशाचा विषय काढला की थोड्याच वेळात दोघांचेही आवाज चढतात.

ज्याला पैशाची अडचण, त्यालाच पैशाचा सल्ला परवडत नाही. यातून काही वाट आहे का? अशा ओढाताणीत कुणी कोच घेतलाय का?


पायवाट

नका घेऊ. बजेट कसं करावं यावर फुकट व्हिडिओ ढिगाने आहेत. दोन महिने रोजचा खर्च लिहून काढा, पैसा कुठे जातो ते आपोआप दिसेल. कोच याहून वेगळं काही सांगणार नाही.


वहीखातं

पायवाट, खर्च त्यांनी लिहून काढलेलाच आहे, वरच दिलाय. त्या यादीत मला कात्री लावण्यासारखं फार थोडं दिसतं.

मी एका धर्मादाय संस्थेत कर्जाने घेरलेल्या कुटुंबांबरोबर काम करते. येणाऱ्यांकडून आम्ही फी घेत नाही, पगार संस्था देते. माझं मत कुठून येतंय हे कळावं म्हणून आधी सांगितलं.

काठावरची, मदत विकत घेण्याआधी आपल्याला कुठली मदत हवी ते ठरवा, कारण 'पैशाचा सल्ला' या एकाच पाटीखाली तीन वेगवेगळी माणसं बसतात. गुंतवणूक सल्लागार शिल्लक कुठे गुंतवावी ते सांगतो. तुमच्याकडे आज शिल्लक नाही, त्यामुळे तो बाजूला ठेवा. कोच सवयींवर, निर्णयांवर, घरातल्या पैशाच्या बोलण्यावर काम करतो, ठरवलेलं पार पडतंय ना हे विचारत राहतो. तिसरा कर्ज समुपदेशक. तो तुमची देणी मांडतो, कुठलं आधी फेडायचं ते सांगतो, आणि सावकाराशी म्हणजे बँकेशी किंवा कार्ड कंपनीशी व्याज, हप्ता, मुदत यावर बोलणी कशी करायची ते दाखवतो. पुष्कळदा ती बोलणी स्वतःच करतो. तुमच्या आकड्यांवरून तुमची पहिली गरज या तिसऱ्याची आहे. आणि बहुतेक देशांत हीच मदत फुकट मिळते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

ब्रिटनमध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस १९३९ पासून आहे, स्टेपचेंजसारखी धर्मादाय संस्था फक्त कर्जाचंच काम करते. ऑस्ट्रेलियात नॅशनल डेट हेल्पलाइनवर समुपदेशक मोफत बोलतात. अमेरिकेत ना-नफा कर्ज समुपदेशन संस्थांचा महासंघ १९५१ सालचा आहे, आणि न्यूयॉर्क शहराने तर २००८ मध्ये समोरासमोर मोफत आर्थिक समुपदेशनाची केंद्रंच उघडली. भारतात रिझर्व्ह बँकेच्या धोरणाप्रमाणे बँका आर्थिक साक्षरता केंद्रं चालवतात. तुम्ही कुठे राहता ते सांगू नका, पण शोधताना 'मोफत', 'ना-नफा' आणि 'कर्ज समुपदेशन' हे शब्द घालून शोधा. 'कर्ज निम्मं करून देतो' अशी जाहिरात करणाऱ्यांपासून मात्र दूर राहा. त्यांतले बरेच आधी फी घेतात, हप्ते भरणं थांबवायला सांगतात, आणि तुमची थकबाकी वाढल्यावर तडजोडीच्या गोष्टी करतात. अमेरिकेत २०१० पासून फोनवरून असा धंदा करणाऱ्यांना काम होण्याआधी फी घ्यायला मनाई आहे, त्याचं कारणच लोकांचे झालेले हाल.

आता तुमचा न हलणारा आकडा. तो का हलत नाही ते समजून घ्या, कारण निम्मी घुसमट तिथे आहे. ९५ वर महिन्याला ३ टक्के म्हणजे २.८५ भाग व्याज. तुम्ही भरता साधारण ५. मुद्दलातून सुटले जेमतेम दोन. पुढच्या महिन्यात थकबाकी किंचित कमी होते, म्हणून किमान रक्कमही किंचित कमी येते. तुम्ही तेवढीच भरता आणि फेडीचा वेग पुन्हा मंदावतो. किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के धरली आणि दर महिन्याला फक्त तीच भरत गेलात, तर ९५ चे निम्मे व्हायला सुमारे ३२ महिने लागतात. निम्मेच! आणि आज जे ५ भाग भरताय तेच बिलात कमी मागितले तरी न घटवता भरत राहिलात, तर २९ महिन्यांत सगळं फिटतं. खिशातून आजच्यापेक्षा एक पैसाही जास्त गेलेला नाही. उरणारे २ भागही त्यातच घातले, म्हणजे महिन्याला ७ केले, तर १८ महिने. कार्डावर नवा खर्च होणार नाही हे मात्र गृहीत धरलंय.

लगेच ७ करा असं मी म्हणणार नाही. दोन भाग हीच तुमची एकमेव फट आहे. चष्मा फुटला किंवा मुलीला ताप आला तर ती भरायला काहीतरी हवं, नाहीतर कार्ड पुन्हा बाहेर येणार. पहिले काही महिने ते दोन भाग वेगळ्या खात्यात टाका, एक छोटी उशी तयार झाली की कार्डाकडे वळवा. पण ५ चे ५ ठेवण्याची सूचना बँकेला याच महिन्यात द्या.

आता कोचची फी. सहा महिन्यांचे ३६ भाग. तुमच्याकडे १२ असतील, बाकीचे २४ कुठून तरी उसने येणार, आणि बहुधा त्याच कार्डावर. ७२ ला वार्षिक व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतात ते ढोबळमानाने कळतं. महिना ३ टक्के म्हणजे वर्षाचे ३६. ७२ भागिले ३६, दोन वर्षं. आज कार्डावर टाकलेली फी फेडली नाही तर दोन वर्षांत दुप्पट उभी राहते. कर्ज काढून कोच घेऊ नका, मग तो कितीही चांगला असो. यावर मी ठाम आहे.

कोच निरुपयोगी असतो असं मात्र मला म्हणायचं नाही, आणि पायवाट यांच्याशी माझा मतभेद इथेच आहे. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला होता. त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, म्हणजे पैशाची चणचण असताना, आणि नंतर हातात पैसा आल्यावर बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधीच्या वेळी ते लक्षणीयरीत्या मागे पडले. माणसं तीच होती. डोक्यातली जागा विवंचनेने व्यापली होती. रात्रपाळी करून आलेल्या बाईला तासभराचा व्हिडिओ बघून शिस्त लावून घे म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. २०१४ मध्ये दोनशे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा असं दिसलं की आर्थिक शिक्षणाने लोकांच्या प्रत्यक्ष वागण्यात पडलेला फरक नगण्य आहे आणि शिकलेलं काळाबरोबर विरतं. ते संशोधक निर्णयाच्या ऐन वेळी मिळणाऱ्या मदतीकडे बोट दाखवतात. न्यूयॉर्क आणि मायामीतल्या मोफत कोचिंगची २०१५ साली पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात काही लोकांना सोडत पद्धतीने कोच दिला होता आणि काहींना नाही, आणि कोचमुळे फायदा झालेला दिसला. सोबत माणूस हवा ही तुमची भावना योग्यच आहे. फक्त त्या सोबतीची किंमत ३६ भाग असायला हवी असं नाही.

समुपदेशकाशी बोलून झाल्यावरही कोच हवासा वाटला, तर तिला अख्ख्या कार्यक्रमाऐवजी एकच बैठक मागा. नेमका एक प्रश्न घेऊन जा. फी मिळकतीप्रमाणे कमीजास्त करते का ते स्पष्ट विचारा, अनेक जण करतात, पण पाटीवर लिहीत नाहीत. काही ठिकाणी प्रमाणपत्रासाठी शिकणाऱ्यांना प्रत्यक्ष कामाचे तास पुरे करावे लागतात, ते कमी पैशांत किंवा फुकट काम करतात आणि डोक्यावर अनुभवी माणूस असतो. तुमच्या नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय असेल तर त्यात पैशाचा सल्लाही कधी कधी येतो, मनुष्यबळ विभागात चौकशी करून बघा.

आणि तिला हेही विचारा की पैसे मिळवण्याचा तिचा आणखी कुठला मार्ग आहे. विमा, फंड, कर्ज यांपैकी काही विकून तिला कमिशन मिळतं का? गुंतवणूक सल्ला द्यायला बऱ्याच देशांत नोंदणी लागते, पण 'कोच' हे बिरुद कुणीही लावू शकतो. चांगली कोच या प्रश्नाने दुखावणार नाही.


तिसरी खिडकी

मी घेतला होता कोच, पैसे नसतानाच. माझा अनुभव वहीखातं यांच्या म्हणण्याला पूरकच आहे.

सुरुवात मोफत कर्ज समुपदेशनाने झाली. त्यांनी तीन देण्यांचा क्रम लावून दिला, एका ठिकाणी व्याज कमी करून घेतलं. कागदावर सगळं बसलं. पण घरात ते चालेना, कारण मी जे ठरवायचो ते बायकोला हुकमासारखं वाटायचं आणि ती जे विचारायची ते मला उलटतपासणीसारखं. तेव्हा आम्ही सुटलेल्या व्याजातून कोचच्या मोजक्या बैठका घेतल्या, अंतर ठेवून. तिने आकड्यांना हातही लावला नाही. दोघांना वेगवेगळं लिहायला लावलं: कुठला खर्च थांबला तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटेल. बायकोने लिहिलं होतं की तिच्या बहिणीला दर महिन्याला पाठवते ते पैसे. मला ते बंद करावेत असंच वाटत होतं. तो कागद वाचल्यावर मी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि तिने आपणहून दुसरीकडचं काही सोडलं.

हे समुपदेशकाने झालं नसतं, त्याच्याकडे एवढा वेळही नसतो. पण क्रम महत्त्वाचा. आधी कर्ज हलकं करून घ्या, मग त्यातून जे सुटेल त्यातून कोच. आम्हाला फीसाठी वेगळे पैसे काढावे लागले नाहीत.

देण्यांच्या क्रमाबद्दल थोडं: गणिताने सगळ्यात जास्त व्याजाचं देणं आधी फेडावं. आम्ही मात्र सगळ्यात लहान देणं आधी संपवलं, कारण एक खातं कायमचं बंद झालेलं बघायची दोघांनाही गरज होती. थोडं व्याज जास्त गेलं, ते मला चालतं. तुमच्या बाबतीत कार्ड हेच महाग दिसतंय, त्यामुळे बहुधा हा पेच पडणारच नाही.


पायवाट

वहीखातं, ते ५ चे ५ ठेवायचं गणित मी स्वतः मांडून बघितलं, बरोबर आहे. हे मला माहीत नव्हतं. व्हिडिओंबद्दलचं माझं मत थोडं बदललंय.


काठावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीखातं, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. '३२ महिन्यांत निम्मे' हे ऐकून तो कागद-पेन घेऊन बसला आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही भांडण न होता पैशावर बोललो.

कोचला एकाच बैठकीबद्दल विचारलं. ती म्हणाली की एका बैठकीत बदल होत नाही, म्हणून ती फक्त पूर्ण कार्यक्रमच देते. आगाऊ रक्कम कार्डावर टाकून तिचे हप्ते करून घ्या, ही स्वतःमधली गुंतवणूक समजा, असंही म्हणाली. मी अजून होकार दिलेला नाही, पण बोलायला इतकी चांगली आहे की नाही म्हणताना अपराधी वाटतंय.

इथल्या एका ना-नफा संस्थेत मोफत भेटीची वेळ मिळालीय, पण ती तीन आठवड्यांनंतरची. दोन प्रश्न आहेत. तोपर्यंत कार्ड कंपनीशी मी स्वतः बोलू का, की त्यांच्यावर सोडू? आणि बोलले तर नेमकं काय म्हणू? फोनवर माझी बोबडी वळते.


वहीखातं

आधी कोचबद्दल. ती मनाने चांगली असू शकते आणि तिचा सल्ला तरीही तुमच्यासाठी घातक असू शकतो. तुमची मुख्य अडचण ज्या कार्डाची आहे त्याच कार्डावर फी टाकायला सांगणाऱ्या व्यक्तीकडून कर्जाबद्दल शिकू नका. नकार दोन ओळींत लिहून कळवा, कारणं देऊ नका. कारणं दिली की त्यांना उत्तरं येतात. पहिल्या भेटीत तिने तुमचं नीट ऐकलं त्याबद्दल आभार मात्र जरूर माना, ते खरंच आहे.

कार्ड कंपनीशी आत्ताच बोला. हप्ता चुकण्याच्या आधी फोन करणाऱ्या ग्राहकाला जे मिळतं ते चुकल्यानंतर मिळणं फार कठीण जातं. तुम्ही अजून एकही किमान रक्कम चुकवलेली नाही, हे तुमचं बळ आहे. शक्य असेल तर ईमेल किंवा ॲपमधल्या संदेशातून लिहा, म्हणजे बोबडी वळण्याचा प्रश्न येत नाही आणि लेखी पुरावाही राहतो. मजकूर साधारण असा:

"घरातल्या एका व्यक्तीच्या कामाचे तास निम्मे झाल्यामुळे आमचं उत्पन्न घटलं आहे. आजवर मी सर्व किमान रकमा वेळेवर भरल्या आहेत आणि कार्डाचा वापर थांबवला आहे. थकबाकी कमी व्याजदराने ठरावीक मासिक हप्त्यांत बदलून मिळावी. मी महिन्याला इतकी रक्कम नियमित भरू शकते. अडचणीतल्या ग्राहकांसाठी आपली जी योजना असेल तिची माहिती लेखी द्यावी."

'इतकी रक्कम' म्हणजे ५ भाग, ७ नव्हे. बोलणी करताना तुमचे दोन भाग पदरातच राहू द्या. व्याज महिना ३ वरून दीडवर आलं तर तेच ५ भाग भरून २९ ऐवजी २३ महिन्यांत मोकळ्या व्हाल, आणि पहिल्याच महिन्यात सुमारे १.४ भाग व्याज वाचेल. नाही म्हणाले तरी तुमचं काही जात नाही. समुपदेशक पुन्हा विचारेल, त्यांना कंपनीतल्या योग्य विभागापर्यंत पोचता येतं.

होकार आला तर लगेच मान्य करू नका. तीन गोष्टी बघा. हप्त्यांत बदलण्याचं शुल्क किती, मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, आणि मुदत इतकी लांबवलीय का की दर कमी होऊनही एकूण व्याज वाढतंय. दुसरं कर्ज काढून हे फेडा असा प्रस्ताव आला, तर त्याला उत्तर भेटीनंतरच द्या. तोपर्यंत किमान रक्कम एकदाही चुकवू नका, उत्तराची वाट बघत असलात तरी.

भेटीला जाताना कार्डाची मागची काही बिलं, वैयक्तिक कर्जाचा करार, दोघांच्या पगाराचे कागद आणि वर तुम्ही लिहिलेली ती १०० भागांची यादी न्या. करार मुद्दाम सांगतेय, कारण १३ चा हप्ता हा तुमचा दुसरा मोठा दगड आहे आणि त्याची मुदत किती उरलीय, दर स्थिर की बदलता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो संपायला वर्षभर उरलं असेल तर सगळं चित्र निराळं आहे, त्यानंतर कार्डाकडे वळवायला १३ भाग मोकळे होतील. आणि नवऱ्याला बरोबर न्या. रात्रपाळीनंतरची सकाळची वेळ दिली असेल तर ती बदलून मागा, झोप झालेली असताना जा.